पाण्यात कळा सोसणे आणि पाण्यात बाळंत होणे: परदेशातील पहिलटकरणीसाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय २९, पहिलीच खेप, २६वा आठवडा चालू, आजवरच्या सर्व तपासण्या व्यवस्थित. पतीच्या नोकरीमुळे दोन वर्षांपासून परदेशात वास्तव्य, जवळचे नातेवाईक कोणी नाहीत, आई शेवटच्या महिन्यात येणार. प्रसूतिकेंद्रातील मिडवाइफने, म्हणजे प्रशिक्षित सुईणीने, पाण्याच्या टबाचा पर्याय सुचवला आहे आणि प्रश्नकर्तीला तो आवडलाही आहे, मात्र आई आणि सासूबाई दोघीही फोनवर "बाळाच्या नाकातोंडात पाणी गेले तर?" असे पुन्हा पुन्हा विचारतात. पहिलटकरणीने हा मार्ग धरावा का, आणि धरल्यास कोणती काळजी घ्यावी?

मी मिडवाइफ म्हणून गेली २१ वर्षे प्रसूतिकक्षात काम करते आहे आणि त्यातली बरीच वर्षे अशा ठिकाणी गेली आहेत, जिथे पाण्याचा टब ही रोजच्या वापरातली गोष्ट होती. तुमच्या प्रश्नाला हो किंवा नाही म्हणण्याआधी त्यातली एक गाठ सोडवून घेते. ‘पाण्यातील बाळंतपण’ असे आपण एका दमात म्हणतो खरे, पण त्यात दोन वेगळे निर्णय आहेत: कळा चालू असताना कोमट पाण्यात बसणे हा एक, आणि बाळाचा जन्मही पाण्याखालीच होऊ देणे हा दुसरा. या दोहोंचे फायदे वेगळे, धोके वेगळे आणि त्यांविषयीचा पुरावाही वेगळ्या तोलाचा आहे. पहिल्या निर्णयाला मी तुमच्यासारख्या निरोगी पहिलटकरणीला फारसा विचार न करता हो म्हणते. दुसरा निर्णय मात्र आज, २६व्या आठवड्यात, घेण्याचा नाहीच. तो त्या दिवशी, बाळाचे ठोके आणि तुमची अवस्था पाहून, शेवटच्या तासाभरात घ्यायचा असतो.

आधी कळांविषयी. टबातले पाणी बसल्यावर छातीपर्यंत येईल इतके खोल असावे लागते, कारण शरीराचे वजन पाण्याने तोलून धरल्याशिवाय खरा आराम मिळत नाही. घरातल्या आंघोळीच्या उथळ टबात पोटाचा वरचा भाग उघडा राहतो आणि मग "पाण्याचा काही उपयोग झाला नाही" अशी तक्रार येते. पुरेसे पाणी असले की जड पोटाची बाई गुडघ्यांवर, उकिडवी किंवा कुशीवर, हवी तशी वळू शकते, आणि हे वळणे बाळाचे डोके ओटीपोटातून फिरत खाली येण्याच्या कामी पडते. मला बदल प्रथम दिसतो तो खांद्यांत. कळ आली की कानापर्यंत चढणारे खांदे पाण्यात उतरल्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या कळेला खाली येतात, काठावर आवळलेली मूठ सैल होते, दातांवर दात दाबून धरलेले असतात ते सुटतात. कळ तितकीच जोरात येत असते. दोन कळांमधली विश्रांती मात्र खरी विश्रांती होते, आणि पहिल्या बाळंतपणात तीच फार मोलाची असते.

संशोधन याहून संयमाने बोलते. कोक्रेन या संस्थेने २०१८ साली १५ चाचण्यांचा, म्हणजे ३,६६३ महिलांचा, एकत्रित आढावा घेतला. कळांच्या पहिल्या टप्प्यात पाण्यात बसलेल्या महिलांपैकी थोड्या कमी जणींना एपिड्युरलसारखी कमरेतील भूल लागली, असे त्यात दिसले. नैसर्गिक प्रसूती किंवा सिझेरियन यांच्या प्रमाणात मात्र फारसा फरक आढळला नाही, आणि बाळाला अपाय झाल्याचेही दिसले नाही. ‘थोड्या कमी’ हे शब्द लक्षात ठेवा. पाणी हा वेदना सुसह्य करण्याचा एक चांगला उपाय आहे. "पाण्यात गेले की दुखत नाही" असे कोणी सांगत असेल, तर त्या व्यक्तीने एक तर कळा सोसलेल्या नाहीत किंवा तिला काहीतरी विकायचे आहे.

पहिलटकरणीकडून वेळेची चूक फार वेळा होते. पहिल्या बाळंतपणात कळा नियमित होऊन गर्भाशयाचे तोंड ४ सेंटिमीटरपर्यंत उघडायलाच कित्येक तास, कधी एक संपूर्ण रात्र, जाते, आणि तिथून पुढे तोंड पूर्ण उघडेपर्यंतचा टप्पा सरासरी ८ तासांचा असतो; तो १८ तासांच्या पुढे सहसा जात नाही. सुरुवातीच्या विस्कळीत कळांमध्येच टबात उतरले, तर पुष्कळदा कळा विरळ होतात. असे झाले तर घाबरण्याचे कारण नाही, बाहेर यावे, चालावे, कळांना जोर आल्यावर पुन्हा आत जावे. पण ज्या वेळी पाण्याचा सर्वाधिक आधार लागणार असतो, तोपर्यंत त्याचे नावीन्य संपलेले असते आणि बाई कंटाळलेली असते, असे मी अनेकदा पाहिले आहे. म्हणून सुरुवातीचे तास घरी काढावेत, शॉवरखाली उभे राहून कमरेवर कोमट पाणी घ्यावे, आणि टब राखून ठेवावा.

पाण्याच्या तापमानाला मर्यादा आहे आणि ती काटेकोरपणे पाळली जाते: ते ३७.५ अंश सेल्सिअसच्या वर जाता कामा नये. गर्भातल्या बाळाला स्वतःची उष्णता बाहेर टाकता येत नाही, ती आईच्या शरीरातूनच बाहेर पडते. आईच तापली तर बाळ तिच्याहून अधिक तापते आणि त्याचे ठोके वाढतात. त्यामुळे दर तासाला पाण्याचे आणि तुमचे, दोन्ही तापमान मोजले जाईल. पाणी गार होऊ लागले की गरम पाण्याचा नळ सोडण्याची घाई साथीदाराला होते, तेव्हा आधी थर्मामीटर पाहायचा, हे त्यांना सांगून ठेवा. सतत पाणी पीत राहा आणि दर दोन-तीन तासांनी लघवीसाठी बाहेर या. भरलेले मूत्राशय बाळाच्या वाटेत अडथळा करते आणि पाण्यात बसल्यावर लघवीची जाणीव बोथट होते.

आता तुमच्या आईंच्या आणि सासूबाईंच्या प्रश्नाकडे वळते. तो प्रश्न भाबडा नाही. प्रसूतिशास्त्राने त्यावर पुष्कळ डोके खर्च केले आहे. गर्भाशयात बाळाची फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात आणि छातीच्या श्वासासारख्या हालचाली तिथेही चालू असतात. प्राणवायू मात्र वार आणि नाळ यांच्यातून येतो. प्रसूतीच्या आधीच्या एक-दोन दिवसांत या हालचाली मंदावतात. बाळ पाण्याखाली बाहेर आले तरी नाळेतून रक्त वाहत असते, चेहऱ्याला थंड हवा लागलेली नसते आणि घशाच्या तोंडाशी पाणी आले की श्वासमार्ग मिटून घेण्याची जन्मजात प्रतिक्षिप्त क्रिया जागी असते. त्यामुळे निरोगी बाळ त्या काही क्षणांत श्वास ओढत नाही. पण हे संरक्षण निरोगी बाळाचेच आहे. कळांमध्ये ज्या बाळाला प्राणवायू कमी पडला आहे, त्या बाळाची ही क्रिया कोलमडू शकते आणि ते पाण्यातच धाप टाकू शकते. टबातील प्रसूतीचे सगळे नियम या एका गोष्टीभोवती रचलेले आहेत, आणि घरच्यांना समजावतानाही याच गोष्टीपासून सुरुवात केलेली बरी.

त्यातला पहिला नियम बाळाचे ठोके ऐकण्याचा. पाण्यात चालणाऱ्या हातातल्या डॉपलरने पहिल्या टप्प्यात दर १५ मिनिटांनी, कळ ओसरल्यावर पूर्ण एक मिनिट ठोके ऐकले जातात; जोर करण्याच्या टप्प्यात दर ५ मिनिटांनी. ठोक्यांबद्दल शंका आली की चर्चा होत नाही, बाईला बाहेर यायला सांगितले जाते. दुसरा नियम असा की बाळाचा जन्म पूर्णपणे पाण्याखाली व्हावा किंवा पूर्णपणे पाण्याबाहेर. जोराच्या भरात बाई अर्धवट उठली आणि डोक्याला हवा लागली, तर तिने पुन्हा खाली बसायचे नाही, कारण हवेचा स्पर्श झालेले बाळ श्वास घ्यायला सुरुवात करू शकते. हे वाक्य मी प्रत्येकीला आधी सांगते, कळा टिपेला पोहोचल्यावर परत सांगते, आणि साथीदारालाही सांगते, कारण त्या क्षणी तिला काही ऐकू येईलच असे नाही.

जन्माचा क्षण प्रत्यक्षात फार शांत असतो. दिवे मंद, पाण्याखाली एक लहान आरसा आणि टॉर्च, आणि मिडवाइफचे हात शक्यतो बाजूला. डोके बाहेर आल्यावर पुढच्या कळेची वाट पाहायची, ओढायचे काही नाही. पुढच्या कळेला खांदे वळतात, अंग बाहेर सरकते, आणि बाळाला त्याच हालचालीत, चेहरा आधी, पाण्याबाहेर आईच्या छातीवर आणले जाते. इथे एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे खोलीत कोणी घाबरणार नाही: पाण्यात जन्मलेली पुष्कळ बाळे टाहो फोडत नाहीत. ती जांभळट दिसतात, डोळे उघडतात, दोन-तीन लहान श्वास घेतात आणि हळूहळू छातीपासून गुलाबी होत जातात. न रडणारे बाळ पाहून आजीचा जीव खालीवर होतो. मिडवाइफ त्या वेळी बाळाच्या छातीची हालचाल, नाळेतील ठोके आणि स्नायूंचा ताण पाहत असते, रडण्याची वाट पाहत नसते. अर्थात बाळ ढिले पडलेले असेल, तर नाळ लगेच कापून त्याला उपचारांच्या टेबलावर नेले जाते.

पाण्यातील जन्मांवरचे पहिले बहुचर्चित वैद्यकीय टिपण १९८३ सालचे आहे. फ्रान्समधल्या पिथिव्हिये या गावच्या रुग्णालयात मिशेल ओदाँ या डॉक्टरांनी कळांच्या वेदनेसाठी टब ठेवला होता, त्यात कधीकधी बाळेही जन्मू लागली आणि अशा १०० जन्मांबद्दल त्यांनी ‘द लान्सेट’मध्ये लिहिले. आधी टब आला तो वेदनेसाठी, जन्म त्यात ओघाने झाले, हा क्रम मला आजही योग्य वाटतो. पुढे ब्रिटनमध्ये १९९२ साली संसदेच्या आरोग्य समितीने शक्य तिथे महिलांना टबाची सोय मिळावी अशी शिफारस केली आणि तिथे ही पद्धत सार्वजनिक रुग्णालयांत रुजली.

आज उपलब्ध असलेल्या मोठ्या पुराव्यांपैकी एक तिथलाच आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पूल’ या अभ्यासात ब्रिटनमधील २६ प्रसूतिसेवांमधील, जोखीम नसलेल्या आणि कळांमध्ये टब वापरलेल्या महिलांच्या २०१५ ते २०२२ या काळातील नोंदी तपासल्या गेल्या. ज्यांना जन्मापूर्वी डॉक्टरी हस्तक्षेप किंवा भूल लागली त्यांना वगळून, पाण्यात बाळंत झालेल्या आणि बाहेर येऊन बाळंत झालेल्या महिलांची तुलना केली गेली. पहिलटकरणींमध्ये गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत जाणारी गंभीर जखम पाण्यात ४.८ टक्के आणि पाण्याबाहेर ५.३ टक्के इतकी होती, म्हणजे व्यवहारात सारखीच. बाळांचा मृत्यू, श्वसनासाठी मदत लागून नवजात विभागात दाखल होणे किंवा पहिल्या ४८ तासांत प्रतिजैविके द्यावी लागणे, यांचे एकत्रित प्रमाण पाण्यात २.७ टक्के आणि बाहेर ४.४ टक्के होते. हे आकडे पाहून "पाण्यात बाळ अधिक सुरक्षित" असा अर्थ काढू नका. बाहेर आलेल्यांपैकी काहीजणी कशाची तरी शंका आल्यामुळेच बाहेर आल्या असणार, आणि अशा अभ्यासात कोण पाण्यात राहणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नसते. एवढे मात्र ठामपणे म्हणता येते की निरोगी गरोदरपण, प्रशिक्षित मिडवाइफ आणि नियम पाळणारी व्यवस्था असेल, तर पाण्यातील जन्माने धोका वाढल्याचे दिसलेले नाही.

त्याच अभ्यासात एक धोका वाढलेला आढळला आणि तो मी लपवत नाही: नाळेला चिमटा लावण्यापूर्वीच ती तुटण्याचे प्रमाण पाण्यात हजारी १०च्या आसपास, तर बाहेर हजारी ३च्या आसपास होते. कारण सरळ आहे. बाळाला पाण्यातून वर आणताना अंतर जास्त पडते, नाळ आखूड असेल तर ताण बसतो आणि पाण्याखाली तो दिसत नाही. सराईत मिडवाइफ बाळाला घाईने उचलत नाही, नाळेची लांबी अजमावत हळू वर आणते आणि चिमटा हाताशी ठेवते; नाळ तुटली तरी लगेच चिमटा लावल्यास बाळाचे रक्त वाया जात नाही. तुमच्या केंद्रातील मिडवाइफला याबद्दल विचाराच. जिने ही वेळ हाताळली आहे, ती दोन वाक्यांत नेमके उत्तर देते.

वार पडण्यासाठी बाहेर येणे मला स्वतःला पसंत आहे. रक्तस्राव कमी व्हावा म्हणून मांडीत दिले जाणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन घ्यायचे असेल तर बाहेर यावेच लागते, आणि लाल झालेल्या पाण्यात किती रक्त गेले याचा अंदाज अनुभवी डोळ्यालाही अवघड जातो. शिवाय बाळंतीण भिजलेली, दमलेली आणि थरथरत असते. कोरड्या गरम टॉवेलात बाळाला छातीशी धरून पलंगावर पडणे तिला त्या वेळी पाण्यापेक्षा सुखाचे वाटते.

देशोदेशीचे मत मात्र एक नाही, आणि परदेशात राहणाऱ्या तुमच्यासाठी हा भाग महत्त्वाचा. ब्रिटनमध्ये प्रसूतितज्ज्ञांच्या आणि मिडवाइफांच्या संस्थांनी २००६ साली एकत्र निवेदन काढून निरोगी महिलांसाठी या पर्यायाला पाठिंबा दिला. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली म्हटले की ३७ ते ४१ आठवडे पूर्ण झालेल्या निरोगी महिलांना पहिल्या टप्प्यात पाण्याचा पर्याय देता येईल, पण जन्म पाण्याबाहेर व्हावा. म्हणजे त्याच तुम्ही, तीच तब्येत, आणि देश बदलला की उत्तराचा दुसरा अर्धा भाग बदलतो. तुम्ही कोणत्या देशात आहात ते लिहिलेले नाही, म्हणून सांगते: ज्या केंद्रात डॉक्टर आणि मिडवाइफ पाण्यातील जन्मांना सरावलेले नाहीत, तिथे हट्टाने तो मागू नका. सुरक्षितता टबात नसते, टबाशेजारी बसलेल्या माणसाच्या सवयीत असते.

पाण्यात उतरू नये अशा परिस्थिती बहुतेक ठिकाणी सारख्याच असतात. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधीची प्रसूती, जुळी बाळे, बाळ पायाळू असणे, रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिने जाणे, रक्तस्राव, ताप, अपस्मार, बाळाने पोटात शी केल्याने गर्भजल घट्ट हिरवे होणे, किंवा ठोक्यांवर सतत यंत्राने लक्ष ठेवण्याची गरज. गरोदरपणातील मधुमेहाबद्दल मात्र विचारून घ्या. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर बहुतेक केंद्रे नकार देतात, केवळ आहारावर साखर आटोक्यात असेल तर काही ठिकाणी परवानगी मिळते. जीवाणूंसाठीच्या तपासणीत ग्रुप बी स्ट्रेप आढळला तरी शिरेतून प्रतिजैविक घेऊन टब वापरता येतो, असे अनेक केंद्रे मानतात. आज तुम्ही यातल्या कशातच बसत नाही. ३६व्या आठवड्यात यादी पुन्हा वाचा, कारण रक्तदाब आणि साखर यांचे चित्र शेवटच्या दोन-तीन महिन्यांतच बदलते.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळे लिहिते आहे, ती. पहिलटकरणीला टबातून बाहेर यावे लागण्याची शक्यता बरीच असते. इंग्लंडमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रसूतिस्थळांच्या मोठ्या अभ्यासात, मिडवाइफच चालवत असलेल्या, रुग्णालयाला लागून असलेल्या केंद्रात प्रसूतीची योजना केलेल्या पहिलटकरणींपैकी सुमारे ४० टक्के जणींना प्रसूतीच्या आधी किंवा लगेच नंतर डॉक्टरांच्या विभागात हलवावे लागले. त्यातल्या थोड्याच जणी खऱ्या संकटात होत्या. बहुतेकींचे कारण कळा लांबणे किंवा एपिड्युरल हवे वाटणे असे असते. तरीही बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी भेटल्यावर काहीजणी "मला जमलं नाही" असे म्हणतात, तेव्हा मला वाईट वाटते, कारण त्यांना कोणीतरी टब हे उद्दिष्ट म्हणून विकलेले असते. १४ तास कळा सोसून, ७ सेंटिमीटरवर थांबलेली, डोळ्यांखाली काळी झालेली बाई एपिड्युरल मागते, दोन तास गाढ झोपते आणि उठून स्वतःच्या जोराने बाळंत होते. हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की टबाबाहेर येण्याला मी माघार म्हणू शकत नाही. तुमच्या योजनेत "मी टबात जाईन" या वाक्याच्या खालीच "मला केव्हा बाहेर यायचे आहे" हेही लिहा.

वेदनेच्या इतर उपायांचा मेळ पाण्याशी कसा बसतो, तेही थोडक्यात. नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन यांचे निम्मे-निम्मे मिश्रण, म्हणजे जिथे मिळतो तिथला ‘गॅस अँड एअर’, पाण्यात बसून घेता येतो आणि दोन्ही मिळून चांगला परिणाम होतो. पेथिडिनसारखे वेदनाशामक इंजेक्शन घेतल्यावर दोन तास, किंवा गुंगी असेपर्यंत, पाण्यात उतरू दिले जात नाही. एपिड्युरल आणि टब एकत्र जमत नाहीत. सौम्य विजेच्या लहरींनी वेदना कमी करणारे, कमरेवर लावायचे टेन्स यंत्र पाण्यात वापरायचे नसते हे उघड आहे, पण कळांच्या घाईत ते काढायला विसरलेल्या दोन जणी मला आठवतात.

परदेशातली अडचण वेगळीच असते आणि तिचा पाण्याशी संबंध कमी, भाषेशी जास्त. तुम्ही कामाच्या ठिकाणी परकी भाषा कितीही सफाईने बोलत असाल, तरी कळा टिपेला पोहोचल्या की तोंडातून मराठीच येईल. "दाब आल्यासारखं होतंय" हे वाक्य मिडवाइफसाठी फार महत्त्वाची माहिती असते, आणि ते तिला कळले नाही तर तपासणीला उशीर होतो. माझ्या एका केंद्रात एक मराठी बाई टबात "आई, आई" म्हणत होती आणि नवी मिडवाइफ तिला डोळ्यात काही गेले का, असे विचारत होती, कारण इंग्रजीत ‘आय’ म्हणजे डोळा. पुढे आम्ही तिघी हसलो, पण त्या वेळी बाईचा संताप झाला होता. तुमच्या पतींनी दुभाष्याचे काम करावे, त्यासाठी त्यांना वेदना, दाब, चक्कर, थंडी, भीती या शब्दांचे नेमके परकीय प्रतिशब्द पाठ असावेत. आई खोलीत असणार असतील, तर एका वेळी किती साथीदारांना परवानगी आहे हे आधी विचारा, आणि मिडवाइफने "बाहेर या" म्हटल्यावर आईंनी प्रश्न विचारत थांबायचे नाही, एवढे त्यांच्याशी बोलून ठेवा.

केंद्राला विचारायचे प्रश्न सोपे आहेत. टब किती आहेत आणि तो दुसऱ्या कोणाला दिलेला असेल तर तुमचे काय? गेल्या वर्षी तिथे किती बाळे पाण्यात जन्मली? रात्रपाळीला टब हाताळू शकणारी मिडवाइफ असते का? बाईला टबात भोवळ आली तर तिला बाहेर कसे काढतात, त्यासाठीची जाळी किंवा उचलण्याचे साधन कुठे आहे, आणि त्याचा सराव शेवटचा कधी झाला? शस्त्रक्रियेची खोली त्याच इमारतीत आहे की रुग्णवाहिका लागेल? विमा लागू असेल तर अचानक डॉक्टरांच्या विभागात हलवल्यास खर्चाचे काय, हे लेखी घ्या. उत्तरे देताना समोरची व्यक्ती वैतागली, तर ते उत्तरही उपयोगाचेच.

भाड्याचा टब आणून घरी बाळंत होण्याचा विचार कोणी सुचवला असेल, तर पहिल्या खेपेला मी तुम्हाला तो सुचवणार नाही. वर उल्लेखलेल्या इंग्लंडच्या अभ्यासात घरच्या प्रसूतीची योजना केलेल्या पहिलटकरणींच्या बाळांना गंभीर अपाय होण्याचे प्रमाण हजारी ९.३, तर डॉक्टरांच्या विभागात हजारी ५.३ होते, मिडवाइफ चालवत असलेल्या केंद्रांत मात्र असा ठळक फरक दिसला नाही. शिवाय आगाऊ भरून, हीटर आणि पंपाने दिवसेंदिवस कोमट ठेवलेल्या घरगुती टबात लेजिओनेला हा फुप्फुसांचा गंभीर संसर्ग करणारा जीवाणू वाढू शकतो. २०१४ साली इंग्लंडमध्ये अशा टबात जन्मलेल्या बाळाला त्याची बाधा झाल्यावर आरोग्य खात्याने तसे टब न वापरण्याचा इशारा दिला होता. केंद्रातले टब प्रत्येक बाळंतपणासाठी ताजे भरले जातात आणि नंतर जंतुनाशकाने धुतले जातात.

शेवटची सूचना हाताने करून पाहायची आहे. ३६व्या आठवड्याच्या सुमारास केंद्राला भेट द्या आणि रिकाम्या टबात पूर्ण पोटानिशी एकदा चढून उतरून पाहा, पतींना शेजारी उभे करून. काठ किती उंच आहे, पहिला पाय कोणता टाकायचा, पकडायला दांडा कुठे आहे, उतरताना पाय कशावर पडतो आणि दोन कळांमधल्या दीड-दोन मिनिटांत तिथून पलंगापर्यंत पोहोचता येते का, हे कोरड्या टबात आणि शांत डोक्याने बघून घ्या. पतींनी टॉवेल कुठे ठेवले आहेत ते त्याच वेळी पाहावे.